अक्रोडाच्या जुन्या दस्त्याला तेल देताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

आजोबांच्या रायफलीचा दस्ता काळवंडला, हाताला चिकट लागायला लागला, की घरातलं कुणीतरी एका रविवारी तो घासायला घेतं. काही महिन्यांनी तोच दस्ता माझ्या बाकावर येतो. तोवर त्याच्या कडा गोल झालेल्या असतात, धातूच्या पट्ट्या लाकडातून वर डोकावत असतात आणि वरून जेवणाच्या टेबलाला देतात तसं चकचकीत पॉलिश फासलेलं असतं. वाईट याचं वाटतं, की हे काम घरी नीट होऊ शकतं. त्याला यंत्र लागत नाही आणि महाग सामानही लागत नाही. चुका होतात त्या क्रम मोडल्यामुळे आणि घाईमुळे, म्हणून इथे क्रमच सविस्तर लिहितोय.

हा लेख अक्रोडाच्या लाकडाच्या, तेल दिलेल्या दस्त्यांबद्दल आहे. हाताने घडवलेल्या जुन्या शिकारी रायफली आणि दुनळी बंदुका बहुतेक याच प्रकारच्या असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, पण वारसाने आलेल्या आणि शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या अशा बंदुका अजून घराघरांत आहेत. दस्ता शिसवीचा असेल तर हा क्रम जसाच्या तसा वापरू नका. शिसवीच्या अंगच्या द्रव्यांमुळे तेल वाळायला अडतं.

आधी ठरवा: हात लावायचा की नाही

सगळ्यात आधी दस्ता खिडकीजवळ नेऊन तिरप्या उजेडात बघा. वरून काळा दिसणारा दस्ता अनेकदा फक्त मळलेला असतो. हाताचा घाम, धूळ आणि बंदुकीचं तेल यांचा थर चढलेला असतो आणि त्याखाली मूळ तेलाचं काम शाबूत असतं. सुती चिंधीला टर्पेंटाइनचे दोन थेंब लावा आणि बट प्लेटजवळ, म्हणजे दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकावरच्या पट्टीजवळ, रुपयाएवढी जागा पुसून बघा. चिंधी काळी झाली आणि खाली उबदार तपकिरी लाकूड दिसलं, तर संपूर्ण दस्ता तसाच पुसा, शेवटी एक पातळ हात तेलाचा द्या आणि थांबा. पुढच्या बहुतेक पायऱ्यांची तुम्हाला गरज नाही.

दस्त्यावर कारखान्याचे किंवा लष्करी शिक्के असतील तर घासण्याचा विचार सोडून द्या. ते शिक्के केसाएवढे खोल असतात आणि एकदा गेले की परत येत नाहीत. काही दस्त्यांच्या आतल्या बाजूला, बट प्लेटखाली किंवा ट्रिगर गार्डखालच्या (चापाभोवतीच्या कडीखालच्या) खाचेत, कारागिराने पेन्सिलीने किंवा ठशाने टाकलेला नंबर असतो. बंदूक आणि दस्ता एकमेकांचेच आहेत हे तो नंबर सांगतो. तोही जपायचा.

थांबा आणि तपासा: दस्त्याच्या मनगटाला, म्हणजे मूठ धरतो त्या बारीक भागाला, तडा आहे का? अंगठ्याने हलकं वाकवून बघा. तडा उघडत असेल तर हे काम पॉलिशचं राहत नाही, दुरुस्तीचं होतं. धक्का नेमका तिथूनच खांद्याकडे जातो. असा दस्ता जाणकार बंदूक कारागिराकडेच द्या.

पायरी १: लाकूड आणि धातू वेगळे करणं

ही पायरी घरी करायची नाही. बंदुकीची दुरुस्ती हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवान्याचा व्यवसाय आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, परवाना सोबत घ्या, आणि परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात जाऊन दस्ता उतरवून घ्या. नळी, यंत्रणा, नंबर असलेला प्रत्येक भाग परवान्याच्या चौकटीतच राहायला हवा. उतरवलेल्या दस्त्याचं काम घरी करणार असल्याचं दुकानदाराला आधीच सांगून ठेवा, म्हणजे परत बसवायची वेळही ठरते.

इथली मोठी चूक म्हणजे अख्खी बंदूक ओळखीच्या फर्निचरवाल्या सुताराकडे ठेवून येणं. सुतार कितीही विश्वासाचा असो, परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात बंदूक देणं हा गुन्हा आहे आणि त्यात तोही अडकतो.

दुकानात नेण्याचा आणखी एक फायदा आहे. जुन्या बंदुकीच्या स्क्रूंच्या खाचा फार अरुंद असतात. बाजारातला साधा स्क्रू-ड्रायव्हर टोकाला निमुळता असतो, तो घसरतो आणि खाच फाटते. कारागिराकडे त्या खाचेला घट्ट बसेल असं घासलेलं हत्यार असतं.

सामान

एकाच वेळी सगळं आणून ठेवा, अर्ध्या कामात दुकानाकडे धावू नका.

- डबल बॉइल्ड लिनसीड तेल, म्हणजे जवसाचं रंगकामाचं तेल. पाव लिटरही खूप झालं.
- मिनरल टर्पेंटाइन आणि पॉलिशवाले वापरतात ते स्पिरिट.
- ॲसिटोन आणि बारीक चॉक पावडर किंवा व्हायटिंग.
- १८०, २४०, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे कागद. शेवटचे दोन वॉटर पेपर.
- घासायला एक लाकडी ठोकळा आणि एक कडक रबराचा ठोकळा.
- जुन्या धोतराचं किंवा साडीचं मऊ सुती कापड, जुने टूथब्रश, मास्किंग टेप, हातमोजे.
- घरची साधी इस्त्री.

खायचं जवसाचं तेल आणू नका. ते कच्चं असतं, एकेक हात वाळायला आठवडा किंवा जास्तही घेतं. रंगाच्या दुकानातल्या ‘बॉइल्ड’ तेलात वाळवणारे धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते दिवसाभरात बसतं.

खोबरेल तेलाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण कोकणातून येणाऱ्या दस्त्यांवर हीच चूक सगळ्यात जास्त दिसते. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्याची कातडी बनते. खोबरेल तेलात ही क्षमताच नाही. ते लाकडात ओलंच राहतं, धूळ धरतं, वर्षभराने खवट वास मारतं आणि नंतर दिलेलं चांगलं तेलही त्याच्यामुळे नीट धरत नाही. लावलेल्या दिवशी दस्ता सुंदर दिसतो, फसगत तिथेच होते. शेंगदाणा तेल आणि बंदुकीचं मशीन तेल यांचंही तेच.

कामाचा हंगाम: दिवाळीनंतर सुरू करा, होळीच्या आत संपवा. मी स्वतः एकदा जुलैत काम काढलं होतं. पहिले दोन हात कसेबसे वाळले, तिसरा नवरात्रापर्यंत बोटाला चिकटत राहिला. शेवटी टर्पेंटाइनने सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. दमट हवेत तेल वाळत नाही, आणि पावसाळ्यात फुगलेलं लाकूड घासलं तर हिवाळ्यात ते आक्रसून धातूच्या खाली जातं.

पायरी २: वरचं पॉलिश कुठलं आहे ते ओळखणं

बट प्लेटखालची किंवा फोरएंडच्या (नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या) आतल्या कडेची, नजरेआडची जागा निवडा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्या जागेवर मिनिटभर धरा. पृष्ठभाग चिकट होऊन बोळ्याला तपकिरी रंग आला तर वर लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही तर थिनरचा बोळा लावा. त्याने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींनी काही न होता वर काचेसारखा थर दिसत असेल, नखाने त्याची खपली निघत असेल, तर कुणीतरी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, दिलेलं आहे. आणि थरच दिसत नसेल, लाकूडच थेट हाताला लागत असेल, तर ते तेलाचं मूळ काम.

हे न ओळखता सरळ कागद घेऊन बसणं म्हणजे पॉलिश काढण्यासाठी लाकूड काढणं.

पायरी ३: जुनं पॉलिश उतरवणं

लाख असेल तर स्पिरिटच्या चिंध्या पुरतात. लॅकरला थिनर, पीयूला पेंट रिमूव्हर. रिमूव्हर ब्रशने एकाच दिशेने जाड लावा, वर प्लास्टिकचा कागद टाका, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा आणि मग सुटलेला थर लाकडी पट्टीने उचला. पत्र्याची किंवा पोलादी पट्टी वापरू नका. ओलं झालेलं अक्रोड मऊ असतं, त्याच्यावर लगेच ओरखडा उठतो. जाळीच्या खोदाईवर, म्हणजे चेकरिंगवर रिमूव्हर गेला तर टूथब्रशने लगेच बाहेर काढा, खोदाईत तो वाळू देऊ नका. शेवटी सगळा दस्ता टर्पेंटाइनने पुसून दोन दिवस सावलीत ठेवा.

इशारा: कॉस्टिक सोडा कधीच नाही. तो पॉलिशबरोबर लाकडाचे तंतूही खातो आणि अक्रोड काळं पाडतो. हे सगळं उघड्या गच्चीवर किंवा पडवीत करा. स्पिरिट, थिनर आणि ॲसिटोनच्या वाफा स्वयंपाकघरातल्या गॅसपर्यंत सहज पोचतात.

पायरी ४: मुरलेलं बंदुकीचं तेल बाहेर काढणं

बहुतेकांना ही पायरी माहीतच नसते, आणि त्यांचं पुढचं सगळं काम इथेच फसतं. बंदूक वर्षानुवर्षं नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवली, की यंत्रणेत घातलेलं तेल हळूहळू खाली उतरतं आणि दस्त्याच्या डोक्याशी, धातू जिथे लाकडात बसतो तिथे, मुरतं. तो भाग जवळजवळ काळा दिसतो. बऱ्याच लोकांना तो लाकडाचा रंगच वाटतो.

ॲसिटोनमध्ये चॉक पावडर कालवून लापशीएवढं घट्ट करा. काळ्या भागावर बोटभर जाडीचा थर द्या आणि वाळू द्या. ॲसिटोन लाकडातलं तेल सैल करतं, आणि उडून जाताना ते तेल पावडरीत सोडून जातं. पांढरा थर वाळून पिवळा-तपकिरी झालेला दिसला की काम होतंय. ब्रशने झाडा आणि नवा थर द्या. फार मुरलेल्या दस्त्याला मी हे सहा-सात वेळाही केलं आहे. कोवळ्या उन्हात अर्धा तास ठेवलं तर आतलं तेल वर येतं, त्यानंतर दिलेला थर जास्त ओढतो. दुपारच्या उन्हात मात्र ठेवू नका, लाकूड तडकेल.

कधी पुरे म्हणायचं? वाळलेला थर पांढराच राहिला, की पुरे. मग काळ्या जागेवर नख दाबून बघा. नख सहज रुतत असेल तर लाकूड कुजल्यासारखं मऊ झालं आहे, आणि तिथे जोडकामाशिवाय पर्याय नाही.

स्क्रूंभोवतीचे निळसर-काळे डाग मात्र तेलाचे नसतात. लोखंड आणि अक्रोडातलं टॅनिन यांच्या भेटीतून ते तयार होतात. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने ते जातात, पण ते विषारी आहे. हातमोजे, चष्मा वापरा आणि नंतर ओल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसा. मला विचाराल तर असे लहान डाग राहू द्यावेत, ते त्या बंदुकीचं वय आहे.

पायरी ५: दबलेल्या खुणा वाफेने उचलणं

घासण्याआधी खुणा उचला, नंतर नाही. खड्डा कागदाने घासून सपाट करायला गेलात तर त्याच्याभोवतीचं सगळं लाकूड तेवढं खाली न्यावं लागतं.

दबलेल्या जागेवर पाण्याचे दोन थेंब टाका आणि दहा मिनिटं मुरू द्या. मग सुती कापड चौपदरी करून ओलं करा, पिळा, खुणेवर ठेवा आणि इस्त्रीचं फक्त टोक त्यावर टेकवा. चर्र आवाज येऊन वाफ निघेल. तीन-चार सेकंदांत उचला, कापडाची ओली जागा सरकवून पुन्हा. लाकडाचे तंतू चेपलेले असतात, तुटलेले नसतात. गरम वाफ आत गेली की ते फुगून परत वर येतात. माझ्याकडे आलेल्या एका दस्त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा खोल खळगा होता, बहुधा जीपच्या कडेवर आपटल्याचा. पाचव्या टेकवणीला तो बोटाला लागेनासा झाला, फक्त थोडी गडद रेघ उरली.

लाकूड तुटून गेलं असेल, खरचटलं असेल, तर वाफेने काही होत नाही. तंतूच नाहीत तर फुगणार काय?

इशारा: चेकरिंगवर आणि जुन्या डिंकाच्या जोडाजवळ वाफ देऊ नका. वाफ दिल्यावर दस्ता किमान २४ तास वाळू द्या.

बारीक केसासारखा, न उघडणारा तडा असेल तर तो याच टप्प्यावर बुजवा, वाफेनंतर आणि तेलाआधी. सावकाश बसणारं, २४ तासांचं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचं चिकटद्रव्य, घ्या. दस्ता हलका उबदार करून ते तड्यात उतरू द्या, वर टेप आणि रबरी पट्टी गुंडाळा. पाच मिनिटांत बसणारं इपॉक्सी तड्याच्या तळाशी पोचायच्या आतच घट्ट होतं.

पायरी ६: घासणं

चांगल्या दस्त्याची किंमत त्याच्या रेषांत असते. गालटेकाची कड, मनगटापाशी उतरणारी धार, इंग्लिश दुनळीच्या लॉक प्लेटमागचा (यंत्रणा धरणाऱ्या बाजूच्या पट्टीमागचा) थेंबासारखा टोकदार आकार हे सगळं कारागिराने कानशीने, छिन्नीने, डोळ्याने काढलेलं असतं. बोटाखाली कागद धरून घासलं की आधी हेच जातं. बोट मऊ आहे, ते कडेवरून वळतं आणि कड गोल करतं.

म्हणून तीन नियम. पहिला, कागद नेहमी ठोकळ्यावर. सपाट जागी लाकडी, गोलाईवर रबरी. दुसरा, नेहमी लाकडाच्या रेघेच्या दिशेने. आडवा ओरखडा तेल लावल्यावर काळा होऊन उठून दिसतो. तिसरा, धातूला भिडणाऱ्या कडांपासून पाच मिलिमीटर लांब राहा. चांगल्या कामात लाकूड धातूपेक्षा केसभर वर असतं. तेवढंच लाकूड पुढच्या पिढीच्या कारागिराला काम करायला शिल्लक ठेवलेलं असतं. ते एकदा धातूच्या खाली गेलं की बंदूक दुरूनच बिघडवलेली दिसते.

बट प्लेट घासताना लावलेलीच ठेवा, तिच्या कडेला टेपचे दोन पदर. प्लेट काढून घासलं तर तिथली कड गोल होते आणि नंतर प्लेट लाकडाबाहेर डोकावते. खालच्या बाजूला मालकाच्या आद्याक्षरांचा चांदीचा लंबगोल असेल तर त्यावरही टेप. चेकरिंगच्या सीमारेषेवर टेप अगदी चिकटून, अर्धा मिलिमीटरही आत-बाहेर नको. धातू बसतो त्या आतल्या खाचांना कागद लावायचाच नाही. तिथलं लाकूड जरा जरी गेलं तरी यंत्रणा ढिली बसते आणि धक्क्याने दस्ता मागून चिरतो.

१८० चा कागद फक्त खोल ओरखड्यांच्या जागी. बाकी सगळीकडे २४० ने सुरुवात, मग ३२०. त्यानंतर दस्ता ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. हात फिरवलात तर बारीक लव उठलेली लागेल. ती ४०० ने, अगदी हलक्या हाताने, फक्त कापा. पुन्हा ओलं, पुन्हा वाळवणं, पुन्हा ४००. तिसऱ्या वेळी लव उठत नाही. ही लव आत्ता काढली नाही तर पहिल्या पावसाच्या थेंबाला ती तेलातून वर येते.

तपासा: दिवसाच्या तिरप्या उजेडात, टर्पेंटाइनने दस्ता ओला करा. तेल लावल्यावर जसा दिसेल तसाच तो मिनिटभर दिसतो. राहिलेला प्रत्येक आडवा ओरखडा आत्ताच समोर येईल.

पायरी ७: रंग, लागला तरच

चांगल्या अक्रोडाला रंगाची गरज नसते. फिकट, भुरं लाकूड असेल तर जुन्या इंग्लिश कारागिरांची पद्धत वापरा: जवसाच्या तेलात अल्कानेटचं मूळ भिजवून केलेलं लाल तेल. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रतनजोत नावाने मिळणारी मुळं त्याच कुळातली, तोच लाल रंग देणारी. मूठभर मुळं वाटीभर तेलात बुडवून, बाटली उन्हात ठेवून आठवडाभरात तेल गडद लाल होतं. गाळून फक्त पहिल्या हाताला वापरा.

नाव नीट सांगून घ्या. मोगली एरंडालाही काही ठिकाणी रतनज्योतच म्हणतात आणि त्याच्या बिया विषारी आहेत. तुम्हाला हवी आहेत ती जांभळट-लाल, पापुद्रे सुटणारी मुळं. स्वयंपाकात रोगनजोशला लाल रंग देतात ती.

वॉटर स्टेन, महोगनी पॉलिश, काळी चहापत्ती यातलं काहीही अक्रोडावर लावू नका. त्याच्या अंगच्या धुरकट काळ्या रेघा त्याखाली मरतात, आणि हाताने निवडलेल्या लाकडाचं मोल त्या रेघांतच असतं.

पायरी ८: तेलाचे हात

पहिला हात पातळ: अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाइन. हा आत शिरायला असतो. दस्त्याच्या आतल्या खाचांना आणि बट प्लेटखालच्या छेदाला हाच पातळ हात ब्रशने द्या, एकदाच, आणि लगेच पुसून घ्या. दमट हवा लाकडात सगळ्यात जास्त या उघड्या छेदातून शिरते. मग पावसाळ्यात दस्ता वाकतो, फोरएंड नळीला एका बाजूने दाबतो आणि रायफलीचा नेम सरकतो. लोक महिनोन्‌महिने दुर्बीण जुळवत बसतात, आणि कारण असतं बट प्लेटखालचं कोरडं लाकूड.

दुसऱ्या दिवसापासून निव्वळ तेल. दुसरा आणि तिसरा हात ६०० च्या वॉटर पेपरवर तेल घेऊन, रेघेच्या दिशेने, छोटे छोटे भाग करून घासत द्या. लाकडाची धूळ आणि तेल मिळून तपकिरी चिखल तयार होतो. अक्रोडाची छिद्रं उघडी असतात, हा चिखल त्यांत बसतो. तो पुसू नका, तळव्याने आडवा दाबून छिद्रांत भरा, वरचा जादा हलक्या चिंधीने उचला. दोन दिवस वाळू द्या.

त्यानंतर हाताने. पूर्ण दस्त्याला चहाचा अर्धा चमचा तेल पुरतं. तळव्यावर घ्या आणि तळवा गरम होईपर्यंत चोळा. खरोखर गरम व्हायला हवं. मग स्वच्छ कापडाने, कोरडं वाटेपर्यंत पुसा. २४ तास, पंख्याच्या हवेत. पुन्हा तेच. अशा आठ ते बारा हातांनंतर लाकडात खोली दिसायला लागते. दस्ता थोडा फिरवला की रेघांमधला उजेड सरकतो. पाचव्या हातापर्यंत काही होतंय असं वाटत नाही, आणि नेमकं तिथे लोक कंटाळून जाड हात मारतात.

जाड हात म्हणजे वर कातडी आणि खाली ओलं तेल. ते सुरकुततं, चिकट राहतं, पिवळं पडतं. असं झालंच तर पुढचा हात देऊ नका. टर्पेंटाइन आणि सगळ्यात बारीक, चार शून्यांच्या (०००० नंबरच्या) स्टील वूलने, म्हणजे पोलादी तारांच्या लोकरीने, तो हात उतरवा आणि दोन दिवसांनी पुढे जा.

तपासा, प्रत्येक हाताआधी: करंगळीचं पेर दस्त्यावर दाबून उचला. जरा जरी ओढल्यासारखं लागलं तर आज हात नाही.

सगळ्यात गंभीर इशारा: तेलाच्या चिंध्या. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. पसरलेल्या कापडावरची ती उडून जाते, पण चुरगळून कोपऱ्यात फेकलेल्या चिंध्यांच्या गोळ्यात ती साठते आणि कापड आपोआप पेटतं, कधी काही तासांनी, घरातले झोपल्यावर. प्रत्येक चिंधी वापरून झाल्याबरोबर पाण्याच्या बादलीत टाका, किंवा अंगणातल्या तारेवर एकपदरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा. कचऱ्याच्या डब्यात ओली चिंधी नको, एकही नको.

पायरी ९: चेकरिंग

टेप काढा. खोदाईतला जुना मळ टर्पेंटाइन आणि टूथब्रशने, दोन्ही तिरप्या रेघांच्या दिशेने काढा. मग पातळ केलेल्या तेलाचा एकच हात ब्रशने द्या आणि कोरड्या ब्रशने उरलेलं सगळं झटकून काढा. खोदाईत तेल साचलं तर हिऱ्यांसारखी टोकं बुजतात आणि ओल्या हाताला पकड राहत नाही. बाकी दस्त्यासारखे दहा हात इथे देऊ नका.

टोकं झिजलेली असतील तर ती पुन्हा कोरायचा मोह टाळा. इंचाला वीस-चोवीस रेघांच्या जाळीत एक रेघ जरी सरकली तरी तिथून पुढची सगळी जाळी तिरकी जाते. ते काम वर्षानुवर्षं तेच करणाऱ्या हाताचं आहे.

पायरी १०: बसवणं आणि पुढची निगा

शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे दस्ता तसाच मोकळ्या हवेत ठेवा. तेल बाहेरून वाळल्यासारखं वाटलं तरी आतून अजून घट्ट होत असतं. मग दुकानात नेऊन बसवून घ्या. बसवताना लाकूड कुठे अडत असेल, तर हातोडी नको. खाचेत साचलेल्या तेलाची कड अडत असते, ती कारागीर बारीक छिन्नीने काढून देईल. त्याने खाचेचं लाकूडच तासायला घेतलं, तर आधी का ते विचारा.

चमक फार वाटली तर चार शून्यांच्या स्टील वूलने रेघेच्या दिशेने हलकं फिरवा आणि धूळ नीट झटका. वर मेण हवं असेल तर कार्नोबा हे वनस्पतीचं मेण मिसळलेलं कठीण मेण घ्या. निव्वळ मधमाशांचं मेण आपल्या उन्हाळ्यात मऊ पडतं आणि धूळ धरतं.

त्यानंतर वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, तेलाचा एक पातळ हात. पावसात भिजली तर त्याच दिवशी कोरड्या कापडाने पुसून पंख्याखाली. चामड्याच्या किंवा आतून मखमल लावलेल्या पेटीत बंदूक कायमची ठेवू नका. पेटी ओल धरून ठेवते, लाकूड फुगतं आणि नळी गंजते. कुलूपबंद कपाटात, हवा खेळेल अशी, शक्य असेल तर नळी खाली करून ठेवा, म्हणजे यंत्रणेतलं तेल पुन्हा दस्त्यात उतरणार नाही. पहिल्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा दस्ता आणि धातू यांच्या सांध्यावरून नख फिरवून बघा. लाकूड सगळीकडे केसभर वर लागायला हवं, आणि दोन्ही बाजूंना सारखंच.